दत्तक गावाचं पाणी

डिसेंबरातली सत्र परीक्षा संपली, की आमच्या महाविद्यालयाच्या आवारात फावड्या-घमेल्यांचा आवाज सुरू होतो. जिमखान्यामागच्या खोलीचं कुलूप निघतं, वर्षभर अंधारात पडलेले टिकाव उन्हात येतात, कुणीतरी पांढऱ्या टोप्यांचा गठ्ठा सोडून बसतं. मोठी पातेली, सतरंज्या, माईकचा डबा, बॅनर, सगळं टेम्पोत चढतं. मुलं परीक्षेतून सुटल्याच्या आनंदात असतात आणि फाटकाशी उभ्या असलेल्या आया ‘स्वेटर घेतला का’ म्हणून विचारत असतात. सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरांचे हे दिवस. नगरची थंडी कोरडी असते, ती ओठांवर आणि टाचांवर आधी उमटते. याच दिवसांत रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जातात, मागे दोन-दोन ट्रॉल्या आणि पुढे कर्कश गाणी. त्यांच्या मागे अडकलेल्या गाडीत बसलं, की उसाच्या ओल्या पाचटाचा वास येत राहतो.

मला हा वास सहन होत नाही. लोकांना वाटतं, मला धुळीचा त्रास आहे.

यंदा या गडबडीतच प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. विद्यापीठात नव्या कार्यक्रम अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण होतं. "तुमच्या त्या पाथर्डी तालुक्यातल्या गावावर बोला, मॅडम. पाणी तपासणीचं काम. अशा यशोगाथा नव्या लोकांना ऐकवायला हव्यात." मी हो म्हणाले. सवयीनं म्हणाले. घरी येऊन कागद घेऊन बसले, तर पहिलं वाक्यच सुचेना. कारण त्या गोष्टीत यश कुठे होतं, ते मलाच माहीत नव्हतं. आणि दुसरं काय होतं, ते मला चांगलं माहीत होतं.

नऊ वर्षं झाली. तेव्हा मी रसायनशास्त्र शिकवत होते आणि सेवा योजनेचं काम नुकतंच माझ्याकडे आलं होतं. तिसगावच्या पुढे फाट्यावरून आत गेलं, की डोंगराच्या कुशीत एक वस्ती आहे. ते आमचं दत्तक गाव. हा शब्द कुणी शोधून काढला कोण जाणे. एवढी म्हातारी गावं, त्यांना आम्ही विशीतली पोरं घेऊन दत्तक घ्यायला जातो, तेही सात दिवसांसाठी. पहिल्या दिवशी प्रभातफेरी काढली. मुलं घसा फोडून घोषणा देत होती आणि गल्लीत ऐकायला कुणी नव्हतं. एकाआड एक दाराला कुलूप. अंगणात उपडी घातलेली खाट, चुलीत थंड राख, एखाद्या दाराशी आपल्या माणसांची वाट पाहणारं कुत्रं. दिवाळी झाली की इथली कर्ती माणसं कोयते घेऊन साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. आमची शिबिरं बरोबर याच दिवसांत भरतात, कारण आमच्या वेळापत्रकात हीच जागा मोकळी असते. आम्ही गावाला भेटायला जातो तेव्हा गाव घरी नसतं, ही गोष्ट मला त्या सकाळी पहिल्यांदा कळली आणि मी ती अहवालात लिहिली नाही.

बाकी शिबिर छानच झालं. आजही आठवलं, की काही गोष्टी हाताला लागल्यासारख्या वाटतात. पहाटेच्या गार पाण्यानं मुलींनी मारलेल्या किंकाळ्या. डोंगरावर चर खणताना तळहातावर आलेले फोड एकमेकांना दाखवणारी शहरातली मुलं. ज्वारीच्या ताटांतून येणारा वारा, शाळेच्या ओट्यावर बसून खाल्लेलं पिठलं आणि त्याबरोबरचा ठेचा, ज्यानं आमच्या इंग्रजीच्या सरांच्या डोळ्यांतून पाणी काढलं. संध्याकाळी मुलांनी बसवलेली नाटुकली पाहायला म्हाताऱ्या घोंगड्या पांघरून यायच्या आणि नेमक्या दुःखाच्या जागी हसायच्या.

चौथ्या दिवशी सर्वेक्षण होतं. छापील फॉर्म. घरात माणसं किती, शिकलेली किती, शौचालय आहे का, पिण्याचं पाणी कुठलं. मुलं दोघादोघांनी फिरत होती आणि मी देखरेख करत. एका घराच्या उंबऱ्यात एक बाई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. वय पन्नास-पंचावन्न असेल. पण मान वळवायची तर तिला सगळं अंग वळवावं लागायचं. मांडीवर दोन वर्षांची नात झोपलेली. ही गयाबाई.

मुलांचे प्रश्न संपल्यावर ती म्हणाली, "मागच्या साली बी आल्ती पोरं. दुसऱ्या कालेजाची. समद्यांनी लिवून न्हेलं. काय लिवलं, पुढं काय झालं, ते काय आमाला कळलं न्हाई."

मी खाली बसले. म्हटलं, "मावशी, तुम्हाला काही विचारायचंय का आम्हाला?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. हा प्रश्न तिला आजवर कुणी केला नव्हता, असं दिसलं. मग तिनं आतल्या बाजूला हाक मारली. दहा वर्षांची एक मुलगी दाराशी आली. मोठी नात, सोनाली.

"बाईस्नी दात दाव."

मुलीनं ओठ घट्ट मिटून घेतले.

"दाव की गं. त्या कालेजात शिकिवत्यात. त्यास्नी ठावं असंल."

बऱ्याच वेळानं तिनं तोंड उघडलं. पुढच्या दातांवर तपकिरी आडवे पट्टे होते, मध्ये खडूसारखे पांढरे डाग.

"रोज घासती," गयाबाई म्हणाली. "पेश्ट आनली, तरी जातच न्हाई. शाळंत पोरं हसत्यात तिला. ह्ये कशानं हुतं, तेवढंच इचारायचं हुतं."

"तुमची मान कधीपासून अशी आहे?"

"ती व्हय? उसाच्या मोळ्या वाहून झाली. आता तोडीला जाता येत न्हाई म्हून तर पोरींपाशी ऱ्हायले. ल्योक न् सून गेल्यात."

मी तिच्या मानेकडे आणि मुलीच्या दातांकडे आलटून पालटून पाहिलं. मला पाण्याचीच शंका आली. शाळेजवळच्या हापशाचं पाणी सगळी वस्ती पीत होती. ओढ्यापलीकडे एक जुना आड होता, पण तो लांब, म्हणून कुणी तिकडं जात नव्हतं. मी दोन्हीकडचं पाणी स्वच्छ बाटल्यांत भरून घेतलं, वर चिठ्ठ्या चिकटवल्या. गयाबाई माझ्याबरोबर आली होती, आडाच्या काठावर उभी राहून पाहत होती.

"मी तपासते आणि स्वतः येऊन सांगते," मी म्हटलं.

"या. पानी चांगलं का वाईट, एवढंच सांगा. बाकी आमचं आमी बगू."

परत आल्यावर चारच दिवसांत मी ते पाणी तपासलं. त्या चाचणीत लाल रंगाचं एक द्रावण वापरतात. पाण्यात फ्लोराइड जितकं जास्त, तितका तो लाल रंग फिका पडतो. आडाच्या पाण्यात रंग जवळजवळ तसाच राहिला. हापशाच्या पाण्यात तो डोळ्यांदेखत उतरला. माझ्याबरोबर वैष्णवी नावाची विद्यार्थिनी होती, शिबिरातली. ती म्हणाली, "मॅडम, हे तर नुसतं बघूनच कळतंय." खात्रीसाठी आम्ही नमुने विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पाठवले. त्यांचंही उत्तर तेच आलं. हाडं आखडवणारं, दात डागाळणारं पाणी. लहान मुलांच्या येणाऱ्या दातांना तर फारच वाईट.

मी अहवाल लिहून तेव्हाच्या प्राचार्यांकडे गेले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाले, "काम उत्तम झालंय. पण असं गावात जाऊन परस्पर सांगू नका, मॅडम. उद्या घबराट झाली, कुणी जाब विचारला, तर आपण कुठल्या अधिकारानं बोलतोय? आपण पंचायत समितीला रीतसर पत्र देऊ. पुढचं ज्यांचं काम ते करतील."

पत्र गेलं. जावक क्रमांक पडला. माझ्या मनावरचं ओझं उतरल्यासारखं झालं, आणि आज मला त्या हलकं वाटण्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते. पुढे मूल्यांकन समिती आली. त्यांनी विस्तारकार्याची फाइल मागितली, त्यात मी हापशाजवळ बाटली धरून उभी असल्याचा फोटो होता. समितीच्या अध्यक्षांनी तो फोटो बोटानं ठोकून म्हटलं, "समाजाशी जोडलेलं विज्ञान ते हे." त्याच वर्षी विद्यापीठानं मला उत्कृष्ट कार्यक्रम अधिकारी म्हणून सन्मानचिन्ह दिलं. पुढच्या हिवाळ्यात शिबिर हमरस्त्याजवळच्या गावात हललं, तिथं पाहुण्यांना यायला सोपं पडतं म्हणून.

वैष्णवीनं एकदा जिन्यात थांबवून विचारलं होतं, "मॅडम, त्या आजींना आपण सांगितलं का?"

"पत्र गेलंय," मी म्हणाले.

ती माझ्याकडे एकदा बघून जिना उतरून गेली. तिच्या त्या बघण्याचा मला राग आला होता, हेही आठवतं.

मी का गेले नाही? नगरहून सकाळी एसटीत बसलं, तर दुपारच्या जेवणाला घरी परत येता येतं, एवढंच ते अंतर. त्या वर्षी आईचं आजारपण होतं. मग पेपर तपासणी, मग नवा अभ्यासक्रम. पुढच्या वर्षी जायचं म्हटलं, तर इतक्या उशिरा कोणत्या तोंडानं जायचं, असं वाटलं. त्याच्या पुढच्या वर्षी तेच, आणखी थोडं जड. कारणं खोटी नव्हती. पण त्यातलं एकही नऊ वर्षांना पुरणारं नव्हतं. आता तर समाजाशी जोडून घेण्याला विद्यापीठात श्रेयांक मिळतात, त्याचे तक्ते आहेत, रकाने आहेत. किती गावं, किती विद्यार्थी, किती तास. गावाला काय कळवलं, असा रकाना मला अजून कुठल्या तक्त्यात दिसलेला नाही.

व्याख्यान सोमवारी होतं. रविवारी सकाळी मी तिसगावची एसटी पकडली. फाइलमधला जुना अहवाल पर्समध्ये होता. करंजीच्या घाटात दोन ट्रॅक्टर पुढे होते आणि गाडीभर तो पाचटाचा वास. तिसगावात उतरून सीट भरल्या की सुटणारी वडापची जीप, मग फाट्यावरून चालत. वस्तीत तशीच कुलपं. हापशावर आता मोटर बसली होती, टाकी आणि नळ आले होते, आणि पाणी तेच होतं. दोन बायका घागरी भरत होत्या. मला त्यांना तिथल्या तिथे थांबवावंसं वाटलं, पण पाय गयाबाईच्या घराकडे वळले.

ती ओट्यावर बसली होती. आता तिला मान वर करून माणसाचा चेहरा बघता येत नव्हता. माझ्या चपलांकडे बघत तिनं विचारलं, "कोन?"

"मी शिबिराची बाई, मावशी. पाणी घेऊन गेले होते."

मग ती म्हणाली, "आल्या व्हय. बसा."

मी बसले आणि घाईघाईनं, पाठ केल्यासारखं सगळं सांगून टाकलं. हापशाचं पाणी वाईट आहे. मान त्यानंच आखडली असणार, दातांचे डाग तर त्यानंच. प्यायला आणि रांधायला ते वापरू नका.

"उकळून?"

"उकळून ते जात नाही. आडाचं पाणी औषध टाकून घ्या. धुण्याभांड्याला हापशाचं चालेल."

"कवा कळलं ह्ये तुमाला?"

"तेव्हाच. त्याच महिन्यात."

तिनं सगळं अंग वळवून माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती सावकाश, आठवून आठवून बोलली. "तुमी जाताना म्हनला हुता, येऊन सांगते. मी लई दिस वाट बगितली. मंग तुमी आला न्हाई. मला वाटलं, वाईट काय निघालं असतं तर बाई पळत आल्या असत्या. म्हंजी पानी चांगलं हाय. इथल्या दोघी-तिघी बायका तवा आडावर जाया लागल्या हुत्या, पोरांचे दात बगून. मीच त्यास्नी म्हनलं, कशाला एवढ्या लांब जाता? कालेजाच्या बाईंनी पानी तपासलंय."

नऊ वर्षं मी समजत होते, की मी तिला काहीच सांगितलं नाही. मी सांगितलं होतं. माझं न येणं हेच तिनं उत्तर धरलं होतं, आणि ते उत्तर माझ्या पदवीच्या भरवशावर घरोघर पोचवलं होतं.

आतून एक मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझ्याकडे पाहून मोकळेपणी हसली. अकरा वर्षांची. तेव्हा मांडीवर झोपलेली ती राणी. तेव्हा तिचे पक्के दात यायचे होते. आता आले होते, तपकिरी पट्ट्यांसकट. थोरल्या बहिणीचे दात मी जाण्याआधीच बिघडलेले होते. हिचे मी वाचवू शकले असते. तो तांब्या मी हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"माझं चुकलं, मावशी. मला माफ करा."

"माफीचं ऱ्हाऊ द्या," काठी शोधत गयाबाई म्हणाली. "उठा. मी लोकांस्नी खोटं सांगून बसले. आता माझ्या एकटीच्या सांगन्यानं कोन ऐकनार? तुमी तुमच्या तोंडानं सांगा."

त्या दुपारी आम्ही दोघी वस्तीत फिरलो. ती पुढे, काठी टेकत, मी मागे. उघड्या दाराशी ती थांबायची आणि म्हणायची, "ह्या बाई काय सांगत्यात ते ऐक." मी सांगायचे. एका म्हाताऱ्यानं नुसता हात हलवला, आता आमचं काय राहिलंय म्हणून. एका बाईनं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "फोटू काढाया सात दिस ऱ्हायला हुता. ह्ये सांगाया एक दिस गावला न्हाई व्हय?" तिच्या कडेवर मूल होतं. मी म्हटलं, "नाही मिळाला. चूक झाली." तिनं घागर उचलली आणि पाणी तिथंच अंगणात ओतून दिलं. बंद दारांपुढून जाताना गयाबाई घरवाल्यांची नावं सांगत होती, कोण कुठल्या कारखान्यावर आहे ते. म्हणाली, "ह्ये लोक तोड संपल्यावर येत्याल. पाडव्याच्या टायमाला. त्यांच्या पोरी-सोरी बी तवाच येत्याल."

परतलो तेव्हा ओट्यावर एक बॅग होती, तिच्यावर पांढरी टोपी. सोनाली आली होती. एकोणीस वर्षांची, विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाला, आमच्याच विद्यापीठाच्या एका महाविद्यालयात. तिचं सात दिवसांचं शिबिर त्याच सकाळी संपलं होतं. आजीनं तिला सगळं सांगितलं. ती उभ्यानं ऐकत होती.

"नऊ वर्षं, मॅडम?" एवढंच ती म्हणाली. मी अहवाल काढून तिच्या हातात दिला. तिनं तो नीट वाचला, तक्ता दोनदा पाहिला. तिला तो समजत होता, आणि मला ते पाहवत नव्हतं. तिनं राणीला जवळ ओढून घेतलं, तिच्या हनुवटीला धरून दात पाहिले, मग सोडलं.

ती म्हणाली, "आम्हीपण फॉर्म भरले या आठवड्यात. शेवगावकडच्या एका गावात. एका आजीनं मला विचारलं, तिच्या नातीला ऐकू येत नाही, कुठं न्यायचं. रकाना होता, अपंगत्व, होय का नाही. मी होय लिहिलं. आणि म्हटलं, आम्ही कळवू. कोण कळवतं, मॅडम?"

"कुणी नाही," मी म्हणाले. खरं बोलायला एवढे कमी शब्द लागतात.

तिनं अहवालाची घडी घातली. "ते घर माझ्या लक्षात आहे. मी उद्या जाणार. त्यांना नगरला सरकारी दवाखान्यात पाठवायचं ना? कुठल्या खिडकीला जायचं, कागद काय लागतात, ते मला माहीत नाही."

"मला माहीत आहे."

"मग येता?"

मी ओट्याच्या टोकाशी जाऊन प्राचार्यांना फोन लावला. म्हटलं, उद्याच्या व्याख्यानाला मी येऊ शकत नाही. ते म्हणाले, "मॅडम, पत्रिकेत नाव छापलंय. आणि त्या गावाचं काम तुमच्याशिवाय कोण सांगणार?" मी म्हटलं, "सर, मी त्याच गावात आहे. ते काम अजून झालेलं नाही." पलीकडे ते काहीतरी बोलत राहिले. मी फोन ठेवला.

सोनाली अजून उत्तराची वाट पाहत होती. ‘येते’ हा शब्द माझ्या तोंडात आला होता. तो मी गिळला; तसाच शब्द मी नऊ वर्षांपूर्वी दिला होता.

"किती वाजता निघायचं?" मी विचारलं.

"पहिली जीप सातला," ती म्हणाली, आणि राणीला घेऊन, दोन रिकाम्या घागरी उचलून, ओढ्यापलीकडच्या आडाकडे निघाली.